भिंतीचे कान शोधताना

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका भगिनीने विचारले, "आपा, मी इथं जे बोलते ते रात्री माझ्या नवऱ्याला माहीत असतं. वकिलाचं नाव, पुढची तारीख, मेहेरच्या रकमेचं बोलणं, सगळं तो मला ऐकवून दाखवतो. तुमच्या या खोलीत कुणी काही बसवलंय का?"

कार्यालयात त्या वेळी पाच-सहा कार्यकर्ते होते. सगळे गप्प झाले. या केंद्राची पत एवढीच की इथे बोललेले इथेच राहते. तलाक, मारहाण, मुलांचा ताबा, बळजबरीने ठरवलेले लग्न अशा गोष्टी घेऊन बायका इथे येतात त्या याच भरवशावर. तो भरवसा गेला तर केंद्राला कुलूप लावलेले बरे.

दोन दिवसांत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘स्पाय डिटेक्टर’च्या दहा-बारा लिंका येऊन पडल्या. काही शे रुपयांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंतच्या. "फंडातून एक चांगले यंत्र घेऊनच टाकू," असे ठरत आले आणि कोणते घ्यायचे हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले, कारण आपल्यातला ‘कॉम्प्युटरवाला’ मी. माझे रोजचे काम सॉफ्टवेअरचे आहे, रेडिओचे नाही. पण इंजिनिअरिंगला शिकलेले थोडे आठवत होते, थोडे नव्याने वाचले, एक यंत्र मित्राकडून मागून आणले आणि तपासून पाहिले. त्यातून जे कळले ते इथे लिहितो आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका खोलीपुरता नाही. हॉस्टेलला राहणाऱ्या मुली हेच विचारतात, लग्नानंतर चार दिवस फिरायला जाणारी जोडपी विचारतात, बैठका घेणारे कार्यकर्तेही विचारतात.

आधी यंत्रांबद्दल. ‘डिटेक्टर’ या एकाच नावाखाली बाजारात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि प्रत्येकीला दिसते ते वेगळे असते.

पहिली म्हणजे रेडिओ लहरी ओळखणारे यंत्र, आरएफ डिटेक्टर. छुपा कॅमेरा किंवा आवाज टिपणारा बग आपला माल हवेतून बाहेर पाठवत असेल तर त्या लहरींचा जोर हे यंत्र दाखवते. डब्यावर ‘१ मेगाहर्ट्झ ते ६.५ गिगाहर्ट्झ’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. पण स्वस्त यंत्राला लहर कोणाची हे कळत नाही, ती किती जोरात आहे एवढेच कळते. शेजाऱ्याचा वायफाय, तुमच्या मनगटावरचे घड्याळ, रस्त्यापलीकडचा मोबाईल टॉवर, सगळ्यांसाठी एकच बीप. सिम कार्डावर चालणारा बग तर सतत बोलतही नाही. कोणी त्या नंबरवर फोन लावला किंवा खोलीत आवाज झाला की तो जागा होतो. म्हणून शांत खोलीत यंत्र फिरवून उपयोग नाही. रेडिओ लावून किंवा गप्पा मारत, आणि सावकाश, फिरवावे लागते. मेमरी कार्डावर रेकॉर्ड करून ठेवणारा आणि चार दिवसांनी कोणीतरी हातांनी काढून नेणारा कॅमेरा या यंत्राला दिसतच नाही. तो पकडता येईल एवढी लहर सोडतच नाही.

दुसरी गोष्ट लेन्स शोधणारे यंत्र. त्यात एका छिद्राभोवती लाल दिवे असतात. त्या छिद्रातून पाहत खोलीवर प्रकाश टाकला की कॅमेऱ्याची लेन्स तो प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकते आणि एक ठळक ठिपका चमकतो. कॅमेरा बंद असला तरी चमकतो, हा याचा मोठा गुण. पण नजर आणि लेन्स समोरासमोर यावी लागते, म्हणून प्रत्येक वस्तू दोन-तीन कोनांतून पाहावी लागते. आवाज टिपणाऱ्या बगला लेन्स नसते, त्यामुळे त्याच्यापुढे हे यंत्र निरुपयोगी.

तिसरे यंत्र चुंबक ओळखते. गाडीच्या खाली चुंबकाने चिकटवलेला जीपीएस ट्रॅकर शोधायला ते बरे. घरात मात्र स्पीकर, फ्रिज, पर्सचे बटण, सगळीकडे चुंबकच असते.

चौथे यंत्र खरे व्यावसायिक, नॉन-लिनिअर जंक्शन डिटेक्टर. ते स्वतः लहर सोडते. समोर कुठलाही इलेक्ट्रॉनिक भाग असला, तो बंद असला तरीही, त्याच्याकडून दुप्पट वारंवारतेची लहर परत येते. गंजलेला खिळाही उत्तर देतो, पण तो मुख्यतः तिप्पट वारंवारतेवर. हा फरक ओळखायला शिकलेला हात लागतो. किंमत लाखांत. आपल्यासारख्यांनी त्याचा विचार सोडून द्यावा.

म्हणजे ‘चांगले यंत्र कोणते’ हा प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारायचे की भीती कशाची आहे. चित्राची की आवाजाची? ते टिपून ठेवले जाते की त्याच क्षणी बाहेर जाते? आणि ते बसवायला त्या खोलीत कोणाला जाता आले असते? या तिन्हींचे उत्तर दिले की अर्धी यंत्रे यादीतून आपोआप गळतात.

यंत्राच्या मर्यादेची एक जुनी गोष्ट सांगतो. १९४५ साली सोव्हिएत मुलांनी मॉस्कोतील अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर लागले आणि १९५२ पर्यंत तिथेच राहिले. आत एक बग होता. लेऑन थेरेमिन या शास्त्रज्ञाने केलेला. त्यात बॅटरी नव्हती, वायर नव्हती. बाहेरून त्याच्यावर रेडिओ लहरी सोडल्या तरच तो खोलीतले बोलणे परतीच्या लहरीवर पाठवायचा, एरवी नुसते लाकूड आणि धातू. एका महासत्तेच्या राजदूताच्या भिंतीवरून तो सात वर्षे ऐकत राहिला. आपण काही हजारांच्या यंत्राने ‘खोली शंभर टक्के सुरक्षित’ असे म्हणणार असू तर ही गोष्ट आठवावी.

दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश व्यापाऱ्याने ‘एडीई ६५१’ नावाचे बॉम्बशोधक यंत्र इराकसह अनेक देशांना विकले. मुठीला बसवलेली, हलणारी एक अँटेना. आत चालणारे काहीही नव्हते. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एका खेळण्यावर त्याने हा धंदा उभा केला होता. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून गाड्या ‘तपासत’ आणि पुढे सोडत. २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल दहा वर्षांची शिक्षा दिली. तोपर्यंत त्या नाक्यांवरून काय काय सुटून गेले असेल याचा हिशेब कोण देणार? काहीच यंत्र नसते तर त्या सैनिकांनी निदान डिकी उघडून पाहिली असती. खोटा दिलासा देणारे यंत्र नसलेल्या यंत्रापेक्षा घातक असते ते यामुळे.

म्हणून कोणतेही यंत्र घेतले तर पहिल्या दिवशी त्याचीच परीक्षा घ्या. परत करण्याची मुदत आहे का ते आधी पाहा. मग घरात कोणालातरी तीन वस्तू लपवायला सांगा: एक चालू कॉलवर असलेला फोन, एक वायफाय कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉल चालू ठेवलेला फोन, आणि एअरप्लेन मोडमध्ये व्हिडिओ रेकॉर्ड करणारा जुना फोन. आम्ही कार्यालयात हेच केले. मागून आणलेल्या यंत्राने पहिल्या दोन वस्तू हातभर अंतरावर गेल्यावर दाखवल्या. पण राउटरपाशी, खिडकीपाशी, आणि आमच्या एका कार्यकर्त्याच्या स्मार्ट घड्याळापाशीही ते तेवढ्याच जोरात ओरडले. तिसऱ्या वस्तूसमोर एक दिवाही लागला नाही. पुस्तकांच्या कपाटातला तो फोन आमच्याकडेच पाहत रेकॉर्ड करत होता आणि यंत्र म्हणत होते, सगळे ठीक आहे.

यात एक साधे गणितही आहे. धरून चाला की हजार खोल्यांपैकी एकीत छुपा कॅमेरा आहे. तुमचे यंत्र दहापैकी नऊ वेळा तो पकडते, आणि स्वच्छ खोलीत दहापैकी एकदा उगाच वाजते. हजार खोल्या तपासल्या तर खरा बीप फार तर एक आणि खोटे बीप शंभराच्या घरात. म्हणजे यंत्र वाजले तरी कॅमेरा असण्याची शक्यता शंभरात एक. हे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, पण गणिताचा रोख तोच राहतो. बीप वाजला म्हणजे गुन्हा सापडला असे नाही, आणि वाजला नाही म्हणजे निर्धास्त व्हावे असेही नाही. बीप फक्त सांगतो की इथे डोळ्यांनी नीट पाहा.

शेवटी पाहायचे आहे ते डोळ्यांनीच. दक्षिण कोरियात छुप्या चित्रीकरणाचा प्रश्न इतका वाढला की २०१८ साली हजारो स्त्रिया सोलच्या रस्त्यांवर उतरल्या. २०१९ साली तिथल्या पोलिसांनी दहा शहरांतील ३० लॉजमधल्या ४२ खोल्यांचे प्रकरण उघड केले. सुमारे १,६०० पाहुण्यांचे चित्रीकरण थेट इंटरनेटवर दाखवले जात होते. कॅमेरे कुठे होते? टीव्हीच्या सेटटॉप बॉक्समध्ये, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, हेअर ड्रायर ठेवायच्या खोबणीत. या जागांत एक सारखेपणा आहे. पलंगाकडे तोंड आणि जवळच वीज. कॅमेऱ्याला या दोन गोष्टी लागतातच, किंवा विजेऐवजी मोठी बॅटरी लागते. म्हणून खोलीत गेल्यावर पहिले पाच मिनिटे पलंगावर बसून आणि बाथरूममध्ये उभे राहून विचार करा, ‘मला पाहायचे असते तर मी कॅमेरा कुठे ठेवला असता?’ घड्याळ, चार्जर, धूर ओळखणारे छतावरचे यंत्र, रिकामा सॉकेट, मुद्दाम वळवून ठेवलेली शोभेची वस्तू. जे काढता येते ते काढा, जे वळवता येते ते भिंतीकडे वळवा, अनोळखी चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा. टॉवेल टाका. टॉवेलला बॅटरी लागत नाही.

मग दिवे घालवा, पडदे ओढा आणि मोबाईलची टॉर्च डोळ्याजवळ धरून सावकाश पाहा. लेन्स असेल तर ठिपका चमकेल. अंधारात पाहणारे कॅमेरे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. तो बऱ्याच मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्याला दिसतो. तुमच्या मोबाईलला दिसतो का हे घरी टीव्हीच्या रिमोटवर तपासून घ्या: रिमोटचे बटण दाबले की पडद्यावर जांभळट-पांढरा दिवा दिसला पाहिजे. सिंगापूर आणि कोरियाच्या संशोधकांनी २०२१ साली काही मोबाईलमध्ये आधीच असलेल्या लेझर सेन्सरने लेन्स शोधण्याची पद्धत मांडली. ३७९ लोकांवर केलेल्या चाचणीत नुसत्या डोळ्यांनी ४६ टक्के वेळा कॅमेरा सापडला, त्या पद्धतीने ८८.९ टक्के वेळा. म्हणजे नुसती नजर पुरी पडत नाही, पण नजरेला प्रकाशाची जोड दिली तर खूप फरक पडतो.

वायफायवर कोणकोणती उपकरणे आहेत हे दाखवणारी ॲप वापरायला हरकत नाही. पण कॅमेरा दुसऱ्या वायफायवर असेल, सिमवर चालत असेल किंवा लॉजच्या राउटरने एकाला दुसरा दिसू न देण्याची सोय केली असेल तर ॲपला तो दिसणार नाही. आरशावर बोट ठेवून अंतर पाहण्याचा जो मेसेज गेली कित्येक वर्षे फिरतो आहे, त्यावर विसंबू नका. आरसा भिंतीपासून हलतो का आणि मागे भिंतच आहे का हे पाहणे अधिक शहाणपणाचे. आणि जॅमर कधीही घेऊ नका. सरकारी परवानगीशिवाय जॅमर बाळगणे आणि वापरणे आपल्याकडे बेकायदा आहे.

२०१५ साली गोव्यात कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी ट्रायल रूमच्या दिशेने असलेल्या कॅमेऱ्याची तक्रार केली होती. तिथे कुठला डिटेक्टर नव्हता. मान वर करून पाहिले, शंका आली आणि ती बोलून दाखवली. आपल्या मुलींना शिकवायच्या त्या याच तीन गोष्टी. त्यांतली तिसरी सर्वांत अवघड आहे. तिच्याकडे पुढे येतो.

आता आमच्या खोलीकडे. यंत्र फिरवले, सॉकेट उघडले, टेबलाखाली हात फिरवले, पंख्याची वाटी खोलून पाहिली. काही नव्हते. मग आपांनी त्या भगिनीला शांतपणे विचारले, "इथून गेल्यावर तू कुणाशी बोलतेस?" ती म्हणाली, "कुणाशीच नाही. फक्त माझ्या बहिणीला व्हॉइस मेसेज करते." तिच्या परवानगीने व्हॉट्सॲप उघडले, ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये गेलो. तिथे एक कॉम्प्युटर जोडलेला होता. तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. नवऱ्याच्या दुकानात होता.

भिंतीला कान नव्हते. तिच्या पर्समधला फोनच रोज सगळे सांगत होता. त्यासाठी नवऱ्याला कुठलेही यंत्र विकत घ्यावे लागले नाही. एकदा तिचा फोन हातात मिळाला आणि अर्ध्या मिनिटाचे काम झाले.

माझे म्हणणे असे की आपल्यापैकी बहुतेकांनी बग शोधायचा तो इथे. व्हॉट्सॲपला कोणती उपकरणे जोडली आहेत, गूगल खाते कुठे कुठे उघडे आहे, लोकेशन कोणाला दिसते आहे, कोणत्या ॲपला मायक्रोफोनची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी दिली आहे, फोनचा पिन कोणाकोणाला माहीत आहे. हे सगळे फुकट तपासता येते. २०२४ पासून ॲपल आणि गूगल या दोघांच्या फोनवर, अनोळखी ब्लूटूथ ट्रॅकर तुमच्यासोबत फिरत असेल तर सूचना येण्याची सोयही आहे. ती सूचना आली तर झटकून टाकू नका.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. जिथे मारहाणीची भीती आहे तिथे पाळतीचा धागा सापडताच तो तोडू नका. जोडलेला कॉम्प्युटर काढला की पलीकडच्याला त्याच क्षणी कळते. आधी त्या पडद्याचा फोटो दुसऱ्या, भरवशाच्या फोनवर काढून ठेवा, राहायची सोय आणि सोबतीला माणूस ठरवा, मग तोडा. त्या भगिनीच्या बाबतीत आम्ही चार दिवस थांबलो. त्या चार दिवसांत तिने बहिणीला फक्त भाजीचे भाव कळवले.

कार्यकर्त्यांची भीती वेगळी असते, सरकारची. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. जुलै २०२१ मध्ये पेगॅसस प्रकरण उघड झाले. एनएसओ या इस्रायली कंपनीचे हे सॉफ्टवेअर फोनमालकाने कशावरही बोट न ठेवता फोनमध्ये शिरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले की तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत कसलेतरी घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच असे ठामपणे म्हणता येत नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही. या प्रकारची पाळत बाजारातल्या कुठल्याच डिटेक्टरला दिसत नाही. कायदेशीर फोन टॅपिंगही दिसत नाही, कारण ते कंपनीच्या यंत्रणेत होते, तुमच्या खोलीत नाही. इथे लढाई यंत्राची नाही. १९९६ साली पीयूसीएलच्या खटल्यात न्यायालयाने टॅपिंगवर प्रक्रियेची बंधने घातली. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. हे दोन्ही निकाल पदरात पडले ते नागरिकांनी न्यायालयात जाऊन सरकारला जाब विचारला म्हणून. आपल्या बैठका तर उघड दारांनीच चालाव्यात. संविधानाच्या चौकटीत बोलणाऱ्याला लपवायचे काही नसते. लपवायचे असते ते आपल्याकडे मदत मागायला आलेल्या बाईचे नाव, आणि ते राखणे आपले कर्तव्य आहे.

आता ती अवघड गोष्ट. छुपा कॅमेरा धोकादायक का ठरतो? लेन्समुळे नव्हे. चित्रफीत बाहेर आली तर लोक मुलीला नावे ठेवतील, हे ती काढणाऱ्याला ठाऊक असते म्हणून. ब्लॅकमेल करणाऱ्याचे अर्धे भांडवल त्याच्या मेमरी कार्डात असते, अर्धे आपल्या मोहल्ल्यात. ‘खानदानकी इज्जत’ म्हणून आपण जे डोक्यावर घेऊन फिरतो त्याचे ओझे त्या मुलीच्या गळ्यात बांधलेले असते. २०२१ च्या जुलैत ‘सुल्ली डील्स’ आणि २०२२ च्या पहिल्याच दिवशी ‘बुल्ली बाई’ या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले. त्याला छुपा कॅमेरा लागला नाही. समाजमाध्यमांवरचे साधे, उघड फोटो पुरले. त्या स्त्रियांपैकी काहींनी नाव लपवले नाही, तक्रार केली, आणि मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटका केल्या. पण त्याच दिवसांत आपल्यातले किती जण म्हणत होते, ‘फोटो टाकायचेच कशाला?’ हे वाक्य आणि लिलाव करणाऱ्याचे वाक्य यांत फार अंतर नाही. दोघांनाही त्या बाईने दिसेनासे व्हायला हवे आहे.

आणि पाळत ठेवणारे नेहमी परके असतात का? बहिणीच्या फोनमध्ये लोकेशन चालू करून ठेवणारा भाऊ, बायकोचे मेसेज वाचणारा नवरा, मुलीच्या खोलीत ‘काळजीपोटी’ कॅमेरा लावणारे अब्बा, बागेत बसलेल्या जोडप्याचा व्हिडिओ काढून ‘समाजाच्या भल्यासाठी’ ग्रुपवर टाकणारे तरुण. हे तरुण तर आपले वाचकही असू शकतात. धर्माच्या नावाने हे करणाऱ्यांनी कुराणातील सूरह हुजुरातची बारावी आयत उघडून पाहावी. संशय, हेरगिरी आणि पाठीमागे निंदा या तिन्हींना तिथे एकाच आयतीत मनाई आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामशिवाय शिरू नये असे सांगितले आहे. घरातल्या मुलांनीही दिवसातून तीन वेळा परवानगी घेऊन खोलीत यावे, इतका बारीक विचार आहे. हजरत उमर यांच्याबद्दल एक रिवायत सांगतात. रात्री गस्त घालताना ते भिंत चढून एकाच्या घरात उतरले आणि तो दारू पिताना सापडला. तो म्हणाला, माझा एक गुन्हा, तुमचे तीन: हेरगिरी केलीत, दाराने आला नाहीत, सलाम केला नाहीत. खलिफा परत गेले. खलिफाला जो अधिकार नव्हता तो मोहल्ल्याच्या नाक्यावरच्या पोरांना कोणी दिला?

काही सापडलेच तर काय करायचे हेही ठरवून ठेवा. वस्तूला हात लावू नका, तिच्या मेमरी कार्डाशी खेळू नका, कारण तो पुरावा आहे. खोलीच्या क्रमांकासह, वेळेसह फोटो आणि व्हिडिओ घ्या, खोलीतून बाहेर पडा आणि ११२ वर फोन करा. मालकाशी आधी वाद घालत बसू नका. कॅमेरा गायब व्हायला दोन मिनिटे पुरतात. स्त्रीचे खासगी क्षण पाहणे, टिपणे किंवा पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे शिक्षा. तिने चित्रीकरणाला संमती दिली असेल पण पसरवायला दिली नसेल, तरी पसरवणे गुन्हाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई पुरुषांनाही संरक्षण देते, हे मुलांनीही लक्षात ठेवावे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगून पोलिसांना परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. असा मजकूर समाजमाध्यमावर आला तर कंपनीने तो तक्रारीनंतर ठरलेल्या मुदतीत हटवावा, असे २०२१ च्या नियमांतच आले आहे. आणि धमकी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पहिला हप्ता शेवटचा कधीच नसतो.

तर आम्ही कोणते यंत्र घेतले? एक साधे लेन्स शोधणारे यंत्र, काही शे रुपयांचे. ते केंद्रात ठेवले आहे. परगावी शिबिराला किंवा परीक्षेला जाणाऱ्या मुली ते मागून नेतात. महागडे यंत्र घेतले नाही. उरलेल्या पैशांतून सल्ल्याच्या खोलीला जाड दार बसवले आणि बाहेर एक छोटे कपाट. आत येण्यापूर्वी सगळ्यांचे फोन त्यात, आपांचाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन तास आम्ही येणाऱ्या प्रत्येकीचा फोन तिच्याच हाताने तिला तपासायला शिकवतो. पहिल्या रविवारी अकरा जणी आल्या. त्यांपैकी तिघींच्या फोनला कोणीतरी जोडलेले होते आणि तिन्ही वेळा ते घरातलेच होते.

ती भगिनी आता बहिणीकडे राहते. खटला चालू आहे. पुढच्या रविवारच्या वर्गात फोन कसा तपासायचा हे तीच शिकवणार आहे.